भूऔष्णिक पथदर्शी प्रकल्पासाठी सरकारी मदत: पुण्यातून सुरुवात करणाऱ्यांसाठी

सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्राच्या नवीन आणि नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाने भूऔष्णिक ऊर्जेचे राष्ट्रीय धोरण जाहीर केले. तेव्हापासून भोसरीच्या वर्कशॉपवाल्यांपासून अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षातल्या मुलांपर्यंत बरेच जण एकच प्रश्न विचारतात: जमिनीखालच्या उष्णतेवर चालणारे छोटे संयंत्र उभारायचे असेल तर सरकार पैसे देते का? देते. पण कशासाठी देते हे आधी नीट समजून घेतले नाही, तर प्रस्ताव पहिल्याच चाळणीत गळतो.

पथदर्शी प्रकल्पाला मिळणारे अनुदान विजेच्या युनिटांसाठी नसते. तेलंगणात मणुगुरू इथे सिंगरेनी कोलियरीजने कोळसा मंत्रालयाच्या संशोधन निधीतून जे संयंत्र उभे केले, ते २० किलोवॅटचे आहे. वीस किलोवॅट वीज कोथरूडमधली एखादी बरी सोसायटी गच्चीवरच्या सोलरमधून काढते. तरीही मणुगुरूला महत्त्व आहे, कारण भारतातल्या गरम पाण्यावर बंद चक्राचे (गरम पाण्याच्या उष्णतेने दुसरा, लवकर उकळणारा द्रव उकळून टर्बाइन फिरवणारे) संयंत्र चालवून बघितले, त्याचा अनुभव गाठीला आला. सरकार विकत घेते ते हे: जमिनीखाली काय आहे, यंत्र किती टिकते, क्षार किती साचतो, याची खात्रीची माहिती. पुढच्या सगळ्या पायऱ्या हे धरून वाचा.

पायरी पहिली: पायाखाली काय आहे ते बघा

पुणे बेसाल्टवर बसले आहे. हा लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, आणि तो कधीच गार झाला. "सह्याद्री ज्वालामुखीचा, म्हणजे खाली गरमच असणार" हा गैरसमज सगळ्यात आधी डोक्यातून काढा. पृथ्वीवर साधारणपणे दर किलोमीटर खोलीला २५ ते ३० अंश तापमान वाढते. पुण्याखाली याहून फार वेगळे काही घडत असेल असे मानायला आधार नाही. म्हणजे शंभर अंश गाठायचे तर अडीच-तीन किलोमीटर खोल जावे लागेल, आणि तेवढ्यावर भागत नाही. त्या खोलीवर खडकात भेगा हव्यात आणि भेगांतून पाणी फिरायला हवे.

इतक्या खोलीचा थेट पुरावा आपल्या जवळपास एकाच ठिकाणी आहे. भूकंपांच्या अभ्यासासाठी कोयना परिसरात २०१७ मध्ये ३ किलोमीटर खोल वेधछिद्र (बोअर) घेतले गेले. हे काम कराडच्या बोअरहोल जिओफिजिक्स रिसर्च लॅबोरेटरीकडे आहे. तिथे सुमारे सव्वा किलोमीटर बेसाल्ट लागला आणि त्याखाली ग्रॅनाइटी खडक. खोल विहिरीचा प्रस्ताव लिहिणाऱ्याने या कामावरचे शोधनिबंध वाचलेच पाहिजेत.

गरम पाणी आहे ते घाटाखाली. पालघर-ठाण्याकडचे कोकनेर, सातिवली, वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरी; पुढे रायगडात सव; रत्नागिरीत उन्हवरे, आरवली, तुरळ, राजवाडी, राजापूरजवळचे उन्हाळे. किनाऱ्याला समांतर जाणाऱ्या भेगांच्या पट्ट्यांत हे झरे आहेत. पावसाचे पाणी भेगांतून खोल उतरते, तापते आणि दुसऱ्या वाटेने वर येते. पृष्ठभागावरचे तापमान ३४ अंशांपासून ७० अंशांच्या किंचित वरपर्यंत मिळते, आणि दापोली तालुक्यातले उन्हवरे यात सर्वांत गरम गणले जाते. पाण्यातल्या सिलिका आणि इतर क्षारांच्या प्रमाणावरून खालच्या साठ्याचे तापमान शंभरच्या वर असावे असे अंदाज मांडले गेले आहेत, पण तो अंदाजच; खोल बोअर घेऊन तो पडताळल्याखेरीज त्यावर यंत्राचा आकार ठरवू नका. याशिवाय जळगाव जिल्ह्यातले उनपदेव आणि नांदेड जिल्ह्यातले उनकेश्वर आहेत, पण पुण्याहून रोजचा राबता ठेवायला कोकणच बरे.

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने २०२२ मध्ये भूऔष्णिक नकाशासंग्रह प्रसिद्ध केला. त्यात देशभरातल्या ३८१ गरम झऱ्यांची नोंद आहे. देशाची क्षमता म्हणून जो १०,६०० मेगावॅटचा आकडा सगळीकडे फिरतो तो प्राथमिक अंदाज आहे. प्रस्तावाच्या पहिल्या पानावर तो टाकायची फॅशन आहे. तपासणाऱ्याने तो शंभरदा वाचलेला असतो. त्याऐवजी तुमच्या झऱ्याचे तापमान, प्रवाह आणि पाण्याची तपासणी लिहा.

आणि ही मोजणी मे महिन्यात एकदा, ऑगस्टमध्ये एकदा, निदान एवढी तरी करा. पावसाळ्यात वरचे गार पाणी मिसळून कुंड फसवे होते.

पायरी दुसरी: वीज की नुसती उष्णता, हे गणित करून ठरवा

नवखे लोक इथे अडखळतात. भूऔष्णिक म्हटले की डोळ्यांसमोर टर्बाइन येते. तेव्हा आधी कागद-पेन्सिल घ्या.

समजा झऱ्यातून किंवा उथळ बोअरमधून सेकंदाला २ लिटर पाणी ७० अंशांवर मिळते आणि आपण ते ४५ अंशांपर्यंत वापरतो. दोन किलो पाणी, गुणिले ४.१८, गुणिले २५ अंश: झाली साधारण २०९ किलोवॅट उष्णता. आता याची वीज करायची तर कमी तापमानाला उकळणारा द्रव वापरून छोटे टर्बाइन फिरवावे लागेल. ७० अंश गरम बाजू आणि कोकणातली ३० अंशांची गार बाजू धरली, तर निसर्गनियमानेच कमाल कार्यक्षमता १२ टक्क्यांच्या आत राहते. एवढ्या लहान यंत्रात प्रत्यक्षात चार-पाच टक्के हाती आले तरी ठीक. म्हणजे दहा किलोवॅट, आणि त्यातून पंप-पंख्यांची वीज वजा.

यावर कोणीतरी हमखास अलास्कातल्या चेना हॉट स्प्रिंग्जचे उदाहरण देते. तिथे २००६ पासून अवघ्या ७४ अंशांच्या पाण्यावर वीज होते, हे खरेच आहे. पण तिथे थंड करायला ४ अंशांचे पाणी मिळते. गरम बाजू आपल्याइतकीच, गार बाजू कुठल्या कुठे. त्यामुळे त्यांची सैद्धांतिक मर्यादा २० टक्क्यांपर्यंत जाते. आपल्याकडे दापोलीत मे महिन्यात ४ अंशांचे पाणी फक्त फ्रीजमध्ये.

आता त्याच २०९ किलोवॅटचा दुसरा हिशेब. वाळवणाच्या यंत्रात एक किलो पाणी उडवायला, सगळी गळती धरून, ५,००० किलोज्यूल लागतात असे समजू. म्हणजे तासाला दीडशे किलो पाणी उडाले. पन्नास-पंचावन्न अंशांची गरम हवा, दिवसरात्र, पावसातही. कोकणात आमसुले, आंबापोळी, सुकी मासळी यांची खरी अडचण उन्हाची आहे: कोकम पिकते आणि पाऊस तोंडावर येतो. सोलर ड्रायर जुलैत नुसता उभा असतो. झऱ्याचे खालून येणारे पाणी जुलैतही ७० अंशांचेच.

माझे मत सरळ आहे. महाराष्ट्रातला पहिला प्रस्ताव उष्णतेच्या थेट वापराचा ठेवा, आणि जमलेच तर ५ किंवा १० किलोवॅटचे वीजचक्र त्याला मोजमापापुरते जोडा. वाळवणानंतर उरलेले ४५ अंशांचे पाणी स्नानगृहांना द्या. शीतगृह करायचे असेल तर उष्णतेवर चालणाऱ्या चिलरचा (पाणी थंड करणाऱ्या यंत्राचा) विचार होतो, पण त्याला ऐंशी-नव्वद अंशांचे पाणी लागते. ७० अंशांवर त्याची क्षमता बरीच पडते. तो टप्पा बोअर घेतल्यावर, तापमान हाती आल्यावर.

पुण्यातच काही करायचे असेल तर तिसरा मार्ग आहे: जमिनीचा आधार घेणारा उष्णता पंप. राष्ट्रीय धोरणात याचाही समावेश आहे. इथे गरम झरा लागत नाही. जमिनीखाली काही मीटरवर तापमान वर्षभर स्थिर, पुण्यात पंचविशीच्या आसपास असते. शंभरेक मीटरच्या बोअरमध्ये एचडीपीई प्लॅस्टिकची यू-नळी सोडायची, तिच्यातून पाणी फिरवायचे आणि एसीची उष्णता बाहेरच्या तापलेल्या हवेऐवजी खडकात टाकायची. बेसाल्टमध्ये बोअर मारणाऱ्या गाड्या आपल्याकडे गल्लोगल्ली मिळतात, ही जमेची बाजू. अडचण अशी की पुण्यात थंडाव्याची गरज जास्त आणि उबेची कमी. खडकात उष्णता साठत जाते आणि काही वर्षांत पंपाची कार्यक्षमता घसरते. म्हणून ज्या इमारतीला एसीही लागतो आणि गरम पाणीही, अशी जागा निवडा: हॉस्पिटल, वसतिगृह, हॉटेल. एका बोअरवर निदान ४८ तासांची औष्णिक प्रतिसाद चाचणी, म्हणजे खडक किती उष्णता घेतो याची मोजणी, करा. पुण्याच्या बेसाल्टमधली अशी मोजमापे उघड उपलब्ध करून देणे हाच एक चांगला प्रस्ताव होऊ शकतो.

पायरी तिसरी: योग्य दार ठोठवा

धोरण म्हणजे योजना नव्हे. धोरणाने शंभर टक्के थेट परकीय गुंतवणुकीला वाव दिला, वापरात नसलेल्या तेलविहिरींचा पुनर्वापर, संयुक्त उपक्रम, सवलतीची कर्जे, न परवडणाऱ्या प्रकल्पाच्या तुटीची भरपाई असे मार्ग सांगितले, आणि जमीन-परवान्यांचे मोठे काम राज्यांवर सोपवले. पण धोरणाची प्रत घेऊन कोणत्याही खिडकीवर चेक मिळत नाही. चेक योजनेतून निघतो.

आपल्या कामाची मुख्य योजना म्हणजे त्याच मंत्रालयाचा नवीकरणीय ऊर्जा संशोधन व तंत्रज्ञान विकास कार्यक्रम. त्यात सरकारी आणि ना-नफा संशोधन संस्थांना प्रकल्पखर्चाच्या शंभर टक्क्यांपर्यंत, तर उद्योग, स्टार्टअप, खासगी संस्था, उद्योजक यांना सत्तर टक्क्यांपर्यंत मदत मिळू शकते. 'पर्यंत' हा शब्द ठळक वाचा. दोन कोटींच्या प्रकल्पात कंपनीला जास्तीत जास्त १ कोटी ४० लाख, उरलेले ६० लाख स्वतःचे, आणि ते कुठून येणार हे कागदावर दाखवावे लागते. या कार्यक्रमाचा टप्पा २०२१-२२ ते २०२५-२६ असा आखलेला होता. त्यामुळे अर्जाआधी मंत्रालयाच्या संकेतस्थळावरून चालू मार्गदर्शक सूचना उतरवून घ्या. मित्राकडून आलेली जुनी पीडीएफ भरू नका. प्रस्ताव मागवणाऱ्या सूचनेतला विषयांचा परिच्छेद दोनदा वाचा. तुमचा विषय त्यात बसत नसेल, तर चांगला प्रस्तावही परत येतो.

कल्पना अजून टेबलावरच असेल तर एवढ्या मोठ्या दाराशी जाऊ नका. केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाच्या निधी-प्रयास योजनेत नमुना बनवण्यासाठी १० लाखांपर्यंत मदत होते. ती इनक्युबेटरमार्फत, म्हणजे नवउद्योगांना आधार देणाऱ्या केंद्रामार्फत, मिळते. गरम पाण्यावरच्या उष्मा-विनिमयकाचे (एका द्रवाची उष्णता दुसऱ्याला देणाऱ्या यंत्राचे) छोटे मॉडेल, क्षार साचण्याची चाचणी असल्या गोष्टी एवढ्यात होतात. पाषाणला राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या (एनसीएल) इनोव्हेशन पार्कमधल्या व्हेंचर सेंटर या इनक्युबेटरच्या लोकांशी एकदा बोलून या. कोणत्या टप्प्याला कुठली योजना लागू पडते हे तिथे कळते.

दुसऱ्या टोकाला कर्जाचे दार आहे. टेक्नॉलॉजी डेव्हलपमेंट बोर्ड प्रकल्पखर्चाच्या निम्म्यापर्यंत ५ टक्के सरळ व्याजाने कर्ज देते. जुलै २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने १ लाख कोटींच्या संशोधन, विकास आणि नवोन्मेष योजनेला मंजुरी दिली. ती खासगी क्षेत्रासाठी असून ऊर्जासुरक्षा हा तिच्या विषयांपैकी एक आहे. दीर्घ मुदतीचे, कमी किंवा शून्य व्याजाचे कर्ज असे तिचे स्वरूप. पण तिथे प्रयोगशाळेत सिद्ध होऊन पुढे गेलेले तंत्रज्ञान लागते. पहिल्याच बोअरला गार पाणी लागण्याची शक्यता असताना कर्ज घेणे मला शहाणपणाचे वाटत नाही. बोअरला अनुदान आणि यंत्रनिर्मितीला कर्ज, अशी वाटणी ठेवावी.

परदेशातही सरकारचा पैसा नेमका या बोअरच्या जोखमीतच जातो. पूर्व आफ्रिकेत आफ्रिकी संघ आणि जर्मनीची केएफडब्ल्यू बँक यांनी उभारलेला जोखीम-निधी पृष्ठभागावरच्या पाहणीच्या खर्चाचा ८० टक्क्यांपर्यंत आणि शोधविहिरींच्या खर्चाचा ४० टक्क्यांपर्यंत वाटा उचलतो. अमेरिकेच्या ऊर्जा विभागाने फेब्रुवारी २०२४ मध्ये कृत्रिम भेगा पाडून उष्णता काढण्याच्या तीन पथदर्शी प्रकल्पांसाठी ६ कोटी डॉलर जाहीर केले. आपल्याकडे स्वतंत्र जोखीम-निधी नसल्यामुळे बोअर हा संशोधनाचाच भाग म्हणून प्रस्तावात मांडावा लागतो.

राज्याचे दार पुण्यातच आहे. अपारंपरिक ऊर्जेचे काम बघणाऱ्या राज्याच्या महाऊर्जा संस्थेचे मुख्यालय औंध रस्त्यावर, भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचे शिवाजीनगरला भूजल भवनात. महाऊर्जाकडे "योजना आहे का?" एवढेच विचारून परतू नका. "केंद्राकडे जाणाऱ्या प्रस्तावासाठी पाठिंब्याचे पत्र मिळेल का?" असे विचारा. असे पत्र फाइलला वजन देते.

पायरी चौथी: जोडीदार जमवा

एकट्या कंपनीचा किंवा एकट्या कॉलेजचा प्रस्ताव दोन्हीकडून लंगडा पडतो. कंपनीला भूविज्ञान येत नाही, कॉलेजला यंत्र वर्षभर चालवून दाखवता येत नाही. पुणेकरांसाठी एक जुळणी मला विशेष पटते: दापोलीचे बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ, पुण्यातला यंत्रनिर्माता आणि भूभौतिकी करणारी, म्हणजे न खणता जमिनीखालचा वेध घेणारी संस्था. वाळवण हा विद्यापीठाचा घरचा विषय, ते आहे सरकारी, आणि उन्हवरे त्याच तालुक्यात. भूमिगत विद्युतवाहकतेच्या मोजणीसाठी हैदराबादची राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्था (एनजीआरआय) आणि नवीन पनवेलची भारतीय भूचुंबकत्व संस्था यांच्याकडे उपकरणेही आहेत आणि अनुभवही. शेजारच्या गुजरातेत पंडित दीनदयाल ऊर्जा विद्यापीठाचे भूऔष्णिक केंद्र राज्य सरकारच्या मदतीने उभे राहिले. ढोलेराला त्यांनी काय केले ते बघून यावे.

यंत्राच्या बाबतीत पुण्यासारखी जागा नाही. प्लेटचे उष्मा-विनिमयक, पंप, शीतकरणाचे कॉम्प्रेसर, उष्णतेवरचे चिलर हे सगळे दापोडी, हडपसर, चिंचवडच्या पट्ट्यात बनवणाऱ्या कंपन्या आहेत. छोट्या वीजचक्रात स्क्रू कॉम्प्रेसर उलटा चालवून टर्बाइनचे काम घेता येते, आणि हे करून बघण्याइतके कसलेले फिटर भोसरीत सापडतात. संयंत्र परदेशातून आयात करून अनुदान मागण्यापेक्षा हे जास्त पटणारे आहे.

जोडीदारांशी सामंजस्य करार करताना तीन गोष्टी लिहूनच घ्या: यंत्र कोणाच्या मालकीचे, पेटंट कोणाचे, आणि प्रकल्प संपल्यावर देखभालीचा खर्च कोणाचा. तिसरा प्रश्न सगळे टाळतात.

पायरी पाचवी: प्रस्ताव लिहा, पण टप्प्यांत

प्रस्तावाचा कणा म्हणजे 'इथे थांबू' असे सांगणारे टप्पे. पहिल्या टप्प्यात वर्षभराची मोजणी, पाण्याची रासायनिक तपासणी, भूभौतिकी पाहणी. त्यातून ठरलेले किमान तापमान आणि प्रवाह मिळण्याची चिन्हे दिसली तरच दुसरा टप्पा: कमी व्यासाचा शोधबोअर. तोही पास झाला तरच यंत्राची ऑर्डर. आकडे आधीच लिहा. उदाहरणार्थ, "६५ अंशांखाली किंवा सेकंदाला १ लिटरखाली आल्यास वीजचक्र रद्द, फक्त ड्रायर". तपासणारी समिती अशा वाक्यावर थबकते, कारण बहुतेक प्रस्ताव सगळे काही यशस्वी होणारच असे गृहीत धरून लिहिलेले असतात.

अंदाजपत्रकात काय विसरले जाते ते सांगतो. विहिरीला आतून घालायचा पाइप (केसिंग) साध्या बोअरचा चालत नाही. गरम, क्लोराइडयुक्त पाणी साधे लोखंड खाते. क्षार साचल्यावर सफाईचा खर्च येतो. वापरलेले पाणी परत जमिनीत सोडायची दुसरी विहीर लागते. ही नसेल तर कुंडाची पातळी पडते आणि गरम खारे पाणी ओढ्यात जाते. लडाखमधल्या पुगा इथे, ४,४०० मीटरच्याही वर, ओएनजीसीने १ मेगावॅटच्या पथदर्शी संयंत्राचे काम हाती घेतले आहे. २०२१ च्या फेब्रुवारीत त्याचा करार झाला. २०२२ च्या उन्हाळ्यात बोअरमधला द्रव तिथल्या नाल्यात गेला आणि काम थांबले. ओएनजीसीसारख्या संस्थेची ही गत, तर आपल्या प्रस्तावात बोअरच्या तोंडावरच्या झडपांसाठी आणि सांडपाण्याच्या तळ्यासाठी रक्कम हवीच.

वीजचक्रात फिरणाऱ्या, लवकर उकळणाऱ्या द्रवाचीही निवड जपून करा. पेंटेन स्वस्त पण ज्वालाग्राही, त्याला पेसो या स्फोटक आणि ज्वालाग्राही पदार्थांवर देखरेख करणाऱ्या केंद्रीय संस्थेच्या नियमांत बसवावे लागते. काही फ्लोरोकार्बन सुरक्षित आहेत, पण हवामान तापवणारे असे वायू कमी करण्याच्या किगाली या आंतरराष्ट्रीय करारामुळे त्यांचा वापर टप्प्याटप्प्याने घटणार आहे.

जमीन आणि बांधकामाचा खर्च सहसा स्वतःच्या वाट्यात धरावा. जीएसटी वेगळा दाखवा. मनुष्यबळात एक पूर्णवेळ तंत्रज्ञ गावातलाच घ्या; रात्री दोन वाजता पंप बंद पडला तर पुण्याहून दापोलीला पोचायला सकाळ होते.

पायरी सहावी: गाव आणि परवाने

क्रम मुद्दाम असा लिहिला आहे. आधी गाव.

कोकणातले बहुतेक गरम झरे देवस्थानाच्या कुंडात आहेत. लोक तिथे स्नानाला येतात, त्वचेच्या विकारांसाठी येतात, यात्रा भरतात. "तुमच्या बोअरने आमचे कुंड गार झाले तर?" हा प्रश्न पहिल्या ग्रामसभेत येणार, आणि तो अडाणी प्रश्न नाही, जलशास्त्राच्या दृष्टीने तो बरोबरच आहे. उत्तर म्हणून प्रकल्पाआधीपासून कुंडाचे तापमान आणि पातळी रोज नोंदवा, आकडे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावा आणि ठरलेल्या मर्यादेखाली गेल्यास पंप बंद करू असे ठरावात लिहून द्या. देवस्थानचे विश्वस्त, सरपंच, शेजारचे बागायतदार यांना एकत्र बसवा. ड्रायरमध्ये गावच्या बचतगटाला पहिला हक्क दिला तर बोलणी सोपी होतात.

कागदपत्रांत ग्रामपंचायतीचा ठराव, सातबारा आणि जागेचा करार, जागा वनखात्याची असेल तर त्यांची परवानगी, खाडीजवळ असाल तर किनारा नियमन क्षेत्राची तपासणी, प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती ही मुख्य. महाराष्ट्र भूजल अधिनियम २००९ मध्ये ६० मीटरपेक्षा खोल विहिरींवर वेगळे निर्बंध आहेत. तेव्हा भूजल यंत्रणेशी बोअरच्या खोलीबद्दल लेखी पत्रव्यवहार करा. फोनवर मिळालेले "काही लागत नाही, करा तुम्ही" फाइलला लावता येत नाही.

खडकात दाबाने पाणी सोडून भेगा रुंदावण्याचा विचार कोणी करत असेल तर महाराष्ट्रात तो सध्या बाजूला ठेवा. स्वित्झर्लंडमध्ये बासेलला २००६ मध्ये अशा प्रकल्पाने जमीन हादरवली आणि तो बंद पडला. दक्षिण कोरियात पोहांगला २०१७ मध्ये ५.५ च्या आसपासच्या तीव्रतेच्या भूकंपाचा संबंध तिथल्या भूऔष्णिक प्रकल्पाशी जोडला गेला. ११ डिसेंबर १९६७ ची कोयना आठवणारी माणसे अजून आहेत.

पायरी सातवी: मंजुरीनंतर

मंजुरीपत्र आले की पेढे वाटा, मग पत्र शेवटच्या पानापर्यंत वाचा. पैसा हप्त्यांनी येतो. पहिला हप्ता खर्चून वापर प्रमाणपत्र दिल्याशिवाय पुढचा सुटत नाही. हे प्रमाणपत्र केंद्राच्या सामान्य वित्तीय नियमांच्या १२-अ नमुन्यात, सोबत सनदी लेखापालाने तपासलेला खर्चाचा हिशेब. प्रकल्पासाठी वेगळे बँक खाते ठेवा आणि त्यावरचे व्याजही हिशेबात दाखवा. एका शीर्षाखालचा पैसा दुसऱ्यात परस्पर वळवू नका, आधी विचारा.

दोन हप्त्यांमध्ये मोकळे महिने जाऊ शकतात. बोअरची गाडी तोवर उभी राहत नाही आणि कोकणात जूनला रस्ता चिखलात जातो. म्हणून बोअरचे काम नोव्हेंबर ते एप्रिलमध्ये बसेल असे वेळापत्रक मांडा, आणि हप्ता लांबला तरी तीनेक महिने निभेल एवढी रक्कम स्वतःच्या वाट्यातून हाताशी ठेवा. मोठी खरेदी सरकारी खरेदीच्या जेम पोर्टलवरून किंवा निविदेने करायची अट असेल तर त्यात जाणारे दिवसही धरा.

यंत्र चालू झाले की प्रवाह, तापमान, दाब, पंपांनी खाल्लेली वीज, सफाईच्या तारखा यांची नोंद पहिल्या दिवसापासून स्वयंचलित ठेवा आणि बंद पडलेले दिवसही लपवू नका. हिमाचलात मणिकरणला पूर्वी ५ किलोवॅटचे प्रायोगिक संयंत्र बसले होते. दरड कोसळून ते गेले. आज तिथे नवे काही करणाऱ्याला त्या जुन्या नोंदींचाच आधार शोधावा लागतो. तुमच्या अंतिम अहवालाबरोबर कच्चे आकडेही मंत्रालयाला, भूवैज्ञानिक सर्वेक्षणाला आणि भूजल यंत्रणेला द्या, आणि त्याच बैठकीत संयंत्र कोणाच्या ताब्यात जाणार, पुढच्या वर्षीच्या गॅस्केटचे आणि विजेच्या बिलाचे पैसे कोण भरणार, यावर सह्या घ्या.